दिवेलागणीनंतरचं विज्ञान

दहावी-बारावीनंतर शाळा सुटली की खेड्यातल्या माणसाचा विज्ञानाशी संबंध संपतो, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. उलट तेव्हाच तो संबंध पैशाशी जोडला जातो. यंदा कोणतं बियाणं घ्यायचं, एका पंपात दोन औषधं मिसळली तर चालतील का, बोअर दोनशे फुटांवर थांबवायची की आणखी शंभर फूट न्यायची, लेकराला ताप आहे तर सुई लागतेच का, हे सगळे विज्ञानाचेच प्रश्न आहेत. बंद होतं ते विचारणं. शाळेत निदान हात वर करता येत होता. मोठेपणी या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडून मिळतात, त्याला बहुतेक वेळा काहीतरी विकायचं असतं. कृषी केंद्राच्या काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस हाच आपल्याकडच्या शेतकऱ्याचा कीटकशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. तो वाईट असतो असं नाही. पण बाटली घेऊ नका, असं सांगण्यासाठी त्याला कोणी पगार देत नाही.

आणि आपला सगळा विज्ञानप्रसार चालतो तो पोरांसाठी. विज्ञान प्रदर्शन शाळेत, प्रश्नमंजूषा शाळेत, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिनही शाळेतच. थर्मोकोलचा ज्वालामुखी बघायला आलेल्या बापाला कोणी विचारत नाही की बुवा, तुझं काय अडलंय. मत देणारा, कर्ज काढणारा, पेरणारा, गावाच्या नळयोजनेवर सही करणारा माणूस या सगळ्या खटाटोपातून वगळलेला आहे. पुढची पानं त्याच्यासाठी आणि त्याच्या घरातल्या बाईसाठी आहेत. संध्याकाळी, कामं आटोपल्यावर, टपरीवर, पारावर, समाजमंदिराच्या ओट्यावर किंवा कोणाच्या अंगणात दहा-वीस मोठी माणसं बसवून विज्ञानावर बोलायचं कसं, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

उदाहरणासाठी गाव मेडशीच का धरलं, हे सांगायला हवं. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. एका अंगाला अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, दुसरीकडे रिसोड तालुक्यात करड्याचं कृषी विज्ञान केंद्र. म्हणजे जाणकार माणूस फार लांब नाही. रस्त्यावर टपऱ्या आहेत, शिवारात सोयाबीन आणि तूर आहे, आणि संध्याकाळी टेकायला जागा आहे. अशी गावं वऱ्हाडात शेकड्यांनी सापडतील, म्हणूनच ते निवडलं. जे मेडशीत जमेल ते पातुरात जमेल आणि कारंज्यातही जमेल.

ही कल्पना नवी नाही, आणि इथं ती विलायतेतून आणावी लागते असंही नाही. तरी विलायतेचं आधी उरकून घेऊ. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरडेनं १८२५ च्या सुमारास शुक्रवारची संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली. ती आजही चालू आहेत, पण तो मामला सुटाबुटाचा. त्याच्या उलट टोकाचं काम १९९८ साली लीड्स शहरात डंकन डॅलस नावाच्या टीव्ही निर्मात्यानं केलं. पॅरिसच्या एका कॉफीघरात मार्क सोते हा तत्त्वज्ञ १९९२ पासून लोकांना जमवून तत्त्वज्ञानावर गप्पा मारत असे. त्याच्या मृत्यूची बातमी डॅलसच्या वाचनात आली आणि हेच विज्ञानाचं का करू नये, असं त्याला वाटलं. एका मद्यगृहात त्यानं पहिली ‘कॅफे सायंतिफिक’ भरवली. पद्धत अगदी साधी. शास्त्रज्ञानं वीसेक मिनिटं बोलायचं, पडद्यावर चित्रं दाखवायची नाहीत, मग पेले भरून घ्यायला थोडी सुट्टी, आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नांना. त्या मधल्या सुट्टीत सगळी गंमत आहे. माणूस शेजारच्याला हळूच विचारतो, ‘तुला समजलं का रे?’ त्यालाही समजलेलं नसतं. मग दोघांनाही मोठ्यानं विचारायचा धीर येतो. पुढं २०१३ मध्ये लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या बिअरखान्यांतून ‘पिंट ऑफ सायन्स’ सुरू झालं. ते आपल्याकडे जसंच्या तसं उचलण्यात अर्थ नाही. ज्या विदर्भात बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तिथं दारूच्या गुत्त्यात बसून गुरुत्वाकर्षण समजावायला गेलात तर पडून दाखवण्याचं प्रात्यक्षिक तेवढं फुकटात होईल.

आपल्याकडे चहा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं २००९ पासून ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम चालवला आहे. जुहूच्या पृथ्वी थिएटरात रविवारी सकाळी शास्त्रज्ञ येतो, प्रवेश फुकट, नोंदणी नाही, कोणीही यावं, मध्येच विचारावं. नाटकासाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांची, चहा पिणाऱ्यांची ती जागा असल्यामुळे आपण संस्थेच्या दारात उभे आहोत, असं दडपण तिथं येत नाही. वेळ मात्र सकाळची, कारण मुंबईकराला मोकळीक मिळते ती रविवारी सकाळी. मेडशीच्या माणसाला रविवार नसतो. त्याला मोकळीक मिळते ती गुरं बांधून, हातपाय धुऊन झाल्यावर. म्हणजे जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी ज्या त्या गावानं आपल्या आपण ठरवायच्या आहेत.

मराठी माणसाला मोठ्यांच्या ज्ञानाची हौस मात्र जुनी. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी साहित्य आणि विज्ञानासाठी सभा काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. तिथले निबंध लोकांपर्यंत पोचावेत म्हणून १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघालं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकारांनी लोकवर्गणीतून विज्ञानाची संस्था उभी करून तिथं लोकांसाठी व्याख्यानं ठेवली. सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणारे चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ पासून याच संस्थेत कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर प्रयोग करत. विज्ञान दिन ज्या शोधाचा, तो तिथलाच. नंतर १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९८० च्या आसपास लोकविज्ञान संघटना उभी राहिली, पाठोपाठ अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ आली. ही परंपरा मोठी आहे, तिच्याबद्दल आदरच आहे.

पण या परंपरेनं आपल्याला एक खोड लावली, ती व्याख्यानाची. महाराष्ट्रात दोन माणसं ज्ञानासाठी जमली की तिसऱ्याला अध्यक्ष करतात. सतरंजी, टेबल, तांब्या-भांडं, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मग वक्ता, मग अध्यक्षीय समारोप, मग आभार. प्रश्न विचारायला वेळ राहत नाही, आणि राहिलाच तर जो उठतो तो प्रश्न विचारत नाही, आपलं भाषण करतो. या पद्धतीत ऐकणारा माणूस शेवटपर्यंत ऐकणाराच राहतो. साहित्याला ते चालून जातं. विज्ञानाला चालत नाही, कारण ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ हा प्रश्न जिथं विचारता येत नाही, तिथं विज्ञान सांगितलं काय आणि पुराण सांगितलं काय, ऐकणाऱ्याच्या पदरात सारखंच पडतं.

हा प्रश्न विचारायला लावणारा माणूस आमच्या वऱ्हाडातच होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. ते विज्ञान सांगत नव्हते, शाळेत गेले नव्हते आणि पोथीही सांगत नव्हते. पण मोठ्या माणसांना संध्याकाळी उघड्यावर बसवून विचार करायला कसं लावायचं, याचं त्यांच्याइतकं नेमकं तंत्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही. दिवसभर खराट्यानं गाव झाडायचं. जो माणूस सकाळी आपली नाली साफ करताना दिसला, तोच रात्री बोलायला उभा राहतो, तेव्हा तो परका वाटत नाही, हा पहिला भाग. दुसरा भाग प्रश्नांचा. कीर्तनात बाबा विधान क्वचित करत. ते विचारत. कर्ज काढून सण करावा का, नवसाला बकरं कापावं का, असले प्रश्न. समुदाय एका आवाजात उत्तर देई. त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न येई. असे चार-पाच प्रश्न झाले की समुदाय आपल्याच उत्तरांनी आपल्याच रूढीसमोर येऊन उभा राही. मग हशा. कोणी कोणाला अडाणी म्हटलेलं नसे. भाषा वऱ्हाडी, उदाहरणं कर्जाची, लग्नाची, दारूची, घरात धडधडीत घडणारी. १९५६ साली, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, मुंबईत बांद्र्याला झालेलं त्यांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. विज्ञानाच्या वक्त्यानं ते जरूर ऐकावं. बाबांचं म्हणणं काय आहे त्यापेक्षा, उत्तर येईपर्यंत ते किती वेळ थांबतात, हे ऐकावं. आपले प्राध्यापक प्रश्न विचारतात आणि दुसऱ्याच क्षणी उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात.

बाबांच्या पद्धतीत एक धोका आहे, तोही सांगतो. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. रूढी मोडायची असेल तर ते ठीक. विज्ञानात मात्र विचारणाऱ्यालाही उत्तर माहीत नसेल असे प्रसंग आणायला हवेत. त्यासाठी हातात काहीतरी लागतं. इथं दुसरी एक पद्धत उपयोगी पडते, ती शेतीशाळा. १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांनी आणि बेसुमार फवारणीनं हैराण झालेल्या शेतकऱ्यांसाठी ती निघाली, आपल्याकडे कृषी खात्यानं घेतली. तिचं सूत्र असं की भाषण नको, बांधावर जा, झाडं निवडा, किडी मोजा, मित्रकीटक मोजा, मग बसून ठरवा की फवारायचं का. कागदावर ही फार उत्तम योजना आहे. प्रत्यक्षात कुठं कुठं हजेरीपट, फोटो आणि नाश्त्याचं पाकीट यांवर तिची बोळवण होते, हे आपण सगळे जाणतो. तरी मोजायला लावणं हा तिचा गाभा सोडण्यासारखा नाही.

मोजण्याचं सगळ्यात सोपं उदाहरण पोत्याचं. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर आधी उगवण तपासा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. ओलं केलेलं गोणपाट पसरायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्याभरात उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बियाणं. कमी निघाले तर त्या प्रमाणात जास्त. साठच्याही खाली गेलं तर ते बियाणं तेलाच्या कामाचं. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पारावर बसून पुढं जायचं ते इथून.

दाणे कुठून घेतले? पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर घेतले, की तळातून, मधून, कडेतून घेतले? चांगले टपोरे निवडून घेतले का? निवडले असतील तर ती परीक्षा पोत्याची झाली नाही, आपल्या डोळ्यांची झाली. मग तीन जणांनी एकाच पोत्यातले शंभर-शंभर दाणे लावले आणि एकाचे सदुसष्ट, दुसऱ्याचे त्र्याहत्तर, तिसऱ्याचे सत्तर निघाले. कोणाचं खरं? इथं वाद होतो आणि तो होऊ द्यावा. कोणी पाण्याला दोष देईल, कोणी बारदान्याला. खरं उत्तर असं की तिघांचंही बरोबर असू शकतं. सत्तर टक्के उगवणीच्या पोत्यातून शंभर दाणे काढले तर निव्वळ नशिबानं चार-पाचचा फरक नेहमीच पडतो. म्हणून बीजप्रयोगशाळेत शंभर नाही, चारशे दाणे लावतात. दाणे चौपट केले की हा नशिबाचा फरक निम्मा होतो. चौपट मेहनतीला निम्माच फायदा, हे ऐकून शेतकरी हसतो, कारण हा हिशेब त्याच्या ओळखीचा आहे. आणि ज्याला हे कळलं, त्याला वर्तमानपत्रातली मतदानाची चाचणी कळते, औषधाचा ‘गुण येणं’ कळतं, आणि शेजाऱ्याच्या एका ओळीत नवी पुडी चांगली लागली म्हणून आपण दहा एकरात ती घ्यावी का, हेही कळतं. संख्याशास्त्र असं न म्हणता अर्ध्या तासात इतकं शिकवता येतं.

त्याच पोत्यातून आणखीही निघतं. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि कोंबाचं टोक सालाच्या अगदी लगत. म्हणून मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोतं ट्रॉलीवरून धाडकन टाकलं की दाणा वरून धड दिसतो आणि आतून मेलेला असतो. हमालाला हे सांगितलं आहे का कोणी? जुलै-ऑगस्टच्या बैठकीला एखाद्यानं महिना-सव्वा महिन्याचं झाड मुळासकट उपटून आणावं. मुळावरच्या गाठी ब्लेडनं कापायच्या. आतून लालसर गुलाबी निघाल्या तर त्या कामाला लागलेल्या आहेत, हवेतला नत्र झाडाला मिळतो आहे. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर नाही. तो लालसर रंग आपल्या रक्तातल्या लोहयुक्त द्रव्याच्याच जातीच्या पदार्थाचा असतो. झाडाच्या मुळात रक्ताचा भाऊबंद पाहून जो शांततेचा क्षण येतो, त्यानंतर युरियाच्या पोत्यावर वेगळं भाषण करावं लागत नाही.

जूनचा विषय पावसाचा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला रेडिओवर येतो. मिलिमीटर म्हणजे किती, हे सांगायला सरळ उभ्या कडांचा डबा आणि पट्टी पुरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजे एकराला चार हजार लिटरच्या वर. शंभर मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका एकरात रिते झाले. हे एकदा बोटांवर मोजलं की ‘लई पडला’ आणि ‘बराच पडला’ यांतला फरक रुपयांत कळतो.

आणि मृग. मृगाचा पाऊस, त्याचं वाहन बेडूक की म्हैस, याच्यावर बोलायला टपरीवरचा प्रत्येक जण तयार असतो. आकाशातलं मृग नक्षत्र, तीन ठळक तारे आणि खाली लखलखणारा व्याध, सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री. मग ७ जूनच्या सुमारास जे ‘निघतं’ ते काय? निघत काहीच नाही. सूर्य त्या ताऱ्यांच्या दिशेला गेलेला असतो, म्हणून ते दिवसा उगवतात आणि दिसतच नाहीत. ज्या नक्षत्राचा पाऊस म्हणतो ते नक्षत्र त्या पावसात कधी दिसत नाही, हे अंगणात कंदील मधे ठेवून, एका माणसाला पृथ्वी करून भोवती फिरवलं की पाच मिनिटांत पटतं. पुढचा पेच त्याहून भारी आहे. पृथ्वीचा आस फार हळू घिरट्या घालतो, त्यामुळे सूर्य मृगात शिरण्याची तारीख साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस या वेगानं पुढं सरकते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या काळापासून ती जवळपास दहा दिवस सरकली आहे. पाऊस मात्र ऋतूशी बांधलेला, तो ताऱ्यांबरोबर सरकत नाही. मग आजोबांच्या आजोबांच्या म्हणी आजच्या तारखांना किती लागू पडतात? यावर रात्री अकरापर्यंत भांडता येतं. पंचांग खोटं असं म्हणायची गरज पडत नाही, आणि म्हणूही नये. पंचांगवाल्यांना ही सरक शतकानुशतकं ठाऊक आहे.

श्रद्धेच्या प्रश्नाबद्दल माझं मत इथंच सांगून टाकतो, कारण चळवळीतल्या काही मित्रांना ते पटणार नाही. पहिल्याच बैठकीत देव, बुवा, अंगात येणं यांवर तोंड टाकू नये. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्याला, तेव्हा शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताण दाखवला, वर्तमानपत्रांत छापून आलं, सगळं बरोबर होतं. पण ज्या रांगेत लोक उभे होते त्या रांगेत त्यांच्या ओळखीचं, विश्वासाचं असं विज्ञान बोलणारं कोणी नव्हतं. ती ओळख आधी व्हावी लागते, आणि ती बियाण्यावर होते. ओळख झाली की लोक आपणहून पाणाड्याचा विषय काढतात. हातावर नारळ उभा राहिला, त्या जागी बोअर मारली, पाणी लागलं. लागलं ना? लागलं. न लागलेल्या किती, त्या कोणी मोजल्या? आपल्याकडचा काळा खडक थराथरांचा आहे. झिजलेल्या, भोकाभोकाच्या थरात पाणी राहतं, घट्ट थरात फटींपुरतंच. त्यामुळे थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं आणि श्रेय नारळाला जातं. वाद घालण्यापेक्षा पाणाड्यालाच मानानं बोलवावं. त्यानं जागा दाखवावी, तिथं खुणेचा खिळा मातीत दाबावा, मग त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दुसरीकडून त्याच वावरात पुन्हा फिरवावं. खिळ्यापाशी नारळ पुन्हा उभा राहिला तर तेही लिहून ठेवावं. निकाल काय येईल ते मी सांगत नाही. गावानं बघावा.

वीज कडाडण्याचे दिवस पेरणीच्या आसपासचे. पायाळू माणसावर वीज पडते, असं अजून बोललं जातं. त्यावर हसण्यापेक्षा चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजायला शिकवावं. तीन सेकंदांना एक किलोमीटर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप एकमेकांच्या फोनवर तिथल्या तिथं चढवून द्यावं, आणि झाडाखाली उभं राहणं हीच सगळ्यात वाईट जागा का, हे बोलावं. हा विषय पंधरा मिनिटांचा आहे, पण जीव वाचवणारा आहे. तो टाळू नये.

आता अवघड गोष्ट. पार आणि टपरी या पुरुषांच्या जागा आहेत. संध्याकाळी सात ही बाईची चुलीची वेळ. ‘सर्वांसाठी खुलं’ असं फळ्यावर लिहिलं तरी तिथं अर्धं गाव येऊच शकत नाही, आणि आयोजक मात्र बायकांना आवड नाही असं समजून चालतात. लीड्सच्या आणि मुंबईच्या नमुन्यात याचं उत्तर नाही. बायकांची बैठक जेवणं उरकल्यावर दुपारी भरते, बचत गटाची असते, संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत हळदीकुंकवाची असते. विज्ञानानं तिथं जावं, त्यांना पारावर ओढू नये. आणि तिथं विषय ‘महिलांसाठी’ म्हणून वेगळे काढू नयेत. सोयाबीन निंदणारी, बी निवडणारी तीच आहे, उगवणीची परीक्षा तिच्या हातून जास्त नीट होते. पाण्याचा विषय तर तिचाच. जलजीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायच्या पेटीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ती पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद असेल तर बाहेर काढावी आणि बोअरचं पाणी, विहिरीचं पाणी, नळाचं पाणी शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांसमोर तपासावं. नळीतला रंग बदलताना बघितल्यावर जे प्रश्न येतात ते सरपंचाला जड जातील असे असतात. म्हणून सरपंचालाही बोलवावं.

वक्ता कोण असावा? पदवीपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात. त्याला ‘मला माहीत नाही’ म्हणता येतं का, आणि तो काही विकत तर नाही ना. दुसरी अट कडक पाळावी. कंपनीचा प्रतिनिधी कितीही गोड बोलला, चहा-नाश्त्याचा खर्च उचलतो म्हणाला, तरी त्याला श्रोत्यांत बसवावं, बोलायला उभं करू नये. वक्त्याला बाहेरगावाहून आणलं तर एसटीचं भाडं द्यावं आणि जेवू घालावं. शाल देऊ नये. वीस मिनिटं झाली की थांबवावं. त्याला राग आला तर पुढच्या वेळी दुसरा. भाषेची चिंता करू नये, ‘नत्र’ म्हटलं काय आणि ‘नायट्रोजन’ म्हटलं काय, शेतकऱ्याला दोन्ही कळतं. त्याला न कळणारी भाषा वेगळीच आहे, ती परिपत्रकाची. माइक नको. वीज जाते म्हणून नको असं नव्हे, माइक ज्याच्या हाती तोच बोलतो म्हणून नको.

प्रश्न जे उत्तराविना राहतील ते वहीत लिहावेत, विचारणाऱ्याच्या नावासह. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या वहीपासून करावी. उत्तर अकोल्याहून आणा, करड्याहून आणा, फोन करून आणा, पण आणा. दोन बैठकांत वही कोरी राहिली तर समजावं की वक्ता फार बोलतो आहे.

दिवस कोणते टाळायचे हे गावाला सांगायला नको. पेरणीचा आठवडा, सोयाबीन काढणीचे दिवस, निवडणुकीचा महिना, भारताची मॅच. पहिली बैठक एप्रिलच्या अखेरीस घ्यावी, उन्हं उतरल्यावर, आणि ती बियाण्याचीच घ्यावी. त्याचं कारण व्यवहाराचं आहे. त्या दिवशी गोणपाटाच्या गुंडाळ्या बांधून प्रत्येक जण आपापल्या घरी नेतो, आणि निकाल यायला आठवडा लागतो. त्यामुळे दुसऱ्या बैठकीसाठी दवंडी द्यावी लागत नाही. कोंब मोजलेले लोक आपला आकडा घेऊन आपोआप येतात, आणि ज्याचे पंचावन्नच निघाले तो सगळ्यांत आधी येऊन बसतो. चहा ज्याचा त्यानं सांगावा. फुकटचा चहा ठेवला की गर्दी होते, पण मग बैठक ठेवणाऱ्याची होते, आणि ठेवणारा कंटाळला की ती बंद पडते.